मला ऊन पडणार नाही

"...मग पोरांच्या तोंडी कोणतं घालायचं, बाई? जुनं की नवं?"

आमोसनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

रिबकाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. दाणे सुपात, टरफलं जमिनीवर. त्यांनी मान वर केली नाही.

"राजू कसाय?" त्यांनी विचारलं.

राजू म्हणजे आमोसचा धाकटा भाऊ. पुण्यात टेम्पो चालवतो. आमोस म्हणाला, बरा आहे, आणि आपला कागद त्यानं पुन्हा बाईंच्या पुढे सरकवला.

मी उंबऱ्यात बसून हे बघत होतो. मी मोशे, टाकळवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे माझं डोकं फार लांब चालत नाही. गाडीत चढलात ना, मग कुठं उतरायचं ते सांगा, एवढंच मला कळतं.

त्या दिवशी मला एका ओळीचं उत्तर हवं होतं. ईस्टरनंतरच्या शनिवारी तालुक्याच्या मंडळ्यांची मुलांची वचनपाठांतर स्पर्धा होती. तिच्या अर्जात एक रकाना होता. आपल्या मंडळीची मुले पवित्र शास्त्राच्या कोणत्या भाषांतरातून म्हणणार? एकच लिहायचं होतं. आम्ही तो रकाना दोन आठवडे कोरा ठेवला होता, कारण त्यावरून पंचकमिटीत सरळ दोन तट पडले होते.

म्हातारे म्हणत, जुनंच हवं, आमचे बाप-आजे त्याच शब्दांवर मेले. तरुण म्हणत, मेले असतील, पण पोरांना त्या शब्दांवर जगायचंय आणि त्यांना ते कळत नाहीत. आवाज चढले, चहा गार झाला. शेवटी ठरलं की रिबकाबाई म्हणतील ते लिहायचं.

रिबकाबाई लोंढे आमच्या भागातल्या शेवटच्या बायबलबाई. पूर्वी मिशननं अशा बाया नेमलेल्या असत. वस्त्यावस्त्यांवर पायी जायचं, बायापोरांना झाडाखाली बसवायचं आणि वचनं तोंडी पाठ करून घ्यायची. बाईंनी अशा तीन पिढ्या घडवल्या. मी त्यांच्याकडे शिकलो, पुढे हा आमोस शिकला, आणि आता चर्चच्या मागच्या त्यांच्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी पोरं जमतात. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. आवाज थोडा कापतो, पण वचन चुकत नाही.

आणि आमोस सव्वीस वर्षांचा. पुण्याहून धर्मशास्त्र शिकून चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे पाळक म्हणून आला. पोरगा मनानं चांगला, पण त्याला हिब्रू येतं आणि ग्रीकही येतं. एवढं यायला लागलं की माणसाला गप्प बसणं जड जातं.

पहिल्याच उपदेशात त्यानं मंडळीला सांगितलं होतं की नऊ वर्षांचा असताना मी रिबकाबाईंची चूक काढली. प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर' आहे, बाई मात्र 'राजूची भाकर' शिकवत होत्या. त्यानं छापील पुस्तकात वाचलं, धावत गेला आणि बाईंना सुधारलं. तोंडी शिकवण्यात असे घोटाळे होतात, तो म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. बाईही पहिल्या बाकावर बसून हसल्या होत्या.

आता तो कागद. त्यावर त्यानं पट्टीनं रेघा मारून चार रकाने पाडले होते. चार भाषांतरं, आणि एकेक वचन चार तऱ्हांनी. अवघड शब्दांखाली लाल रेघ. जुन्या भाषांतराचा रकाना नुसता लाल झाला होता.

त्यानं बराच वेळ समजावलं. भाषा बदलते. नवं भाषांतर मूळ भाषेवरून नीट केलेलं आहे. वाक्यं छोटी आहेत. जुनं वाईट नाही, पण ते मुलांना कळत नाही, आणि न कळता पाठ केलेलं वचन म्हणजे पोपटपंची. सगळं खरं होतं. त्यात खोडी काढण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही.

बाईंनी एक शेंग फोडली.

"कोणाला कळत नाही?"

"मुलांना, बाई."

"कोणत्या मुलाला?"

आमोसनं कागद मागे घेतला. कागदाची घडी घालायला लागला, परत उलगडायला लागला.

"कोणत्या, आमोस?"

...

कोणत्या, ते मला माहीत होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं.

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट. हन्ना म्हणून आमच्या मंडळीतली एक बाई आहे, कांदा काढायला रोजानं जाते. तिची मुलगी सात वर्षांची, नाव सुवार्ता. त्या दिवशी उपासनेत सुवार्ता तेविसावं स्तोत्र म्हणायला उभी राहिली. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. हात मागे बांधून खणखणीत आवाजात तिनं सुरू केलं.

"परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही."

वचनात 'उणे' आहे. मला काही उणे पडणार नाही, म्हणजे कशाची कमी पडणार नाही. पोरीनं त्याचं ऊन केलं होतं.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिथंच ते संपलं असतं. पण आमोस उठला. त्यानं तिला थांबवलं आणि म्हणाला, ऊन नव्हे बाळा, उणे. उणे म्हणजे काय, सांग बरं? तिला सांगता येईना. मग तो मंडळीकडे वळला आणि म्हणाला, बघा, मी म्हणत होतो ते हेच. त्यानं हेही सांगितलं की व्याकरणानंसुद्धा हे चूक आहे, ऊन 'मला' पडत नाही, 'माझ्यावर' पडतं.

तो रागावला नाही. अगदी गोड आवाजात बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं, कोणीतरी त्याला आवरलं तरी असतं. पोरगी तशीच उभी होती, हात मागे बांधून. त्यानं पुढचा अर्धा तास तिच्या त्या एका शब्दावर उपदेश केला.

त्या दिवसापासून सुवार्ता बोलेनाशी झाली. बाईंकडे येईना. शाळेत हजेरी घेतली की नुसता हात वर करी. घरात मान हलवून हो-नाही सांगे. हन्नानं मला नळावर गाठून सांगितलं. पोरीचं नाव सुवार्ता, म्हणजे आनंदाची बातमी, आणि तिच्या तोंडून तीन आठवडे शब्द नाही.

आमोस तिच्या घरी तीनदा जाऊन आला. तीनदा पोरगी दाराआड लपली. परत येताना त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा तसाच असे, तो मी पाहिला आहे. त्यानं कुणापाशी काही कबूल केलं नाही. पण प्रत्येक वेळी घरी गेल्यावर तो कागदावरच्या लाल रेघा वाढवत असावा. नवं भाषांतर आलं की पोरीचं सगळं सुरळीत होईल, हे त्यानं मनाशी धरलं होतं. धरलं नसतं तर बिचाऱ्याला झोप आली नसती.

"हन्नाच्या सुवार्ताला," आमोस शेवटी म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर डोक्यावरून घेतला.

"चल."

"आत्ता? बाई, अडीच वाजलेत. बाहेर ऊन..."

"तेच बघायचंय."

आम्ही निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण रकाना माझा भरायचा राहिला होता.

चर्चच्या मागे ओढा ओलांडला की गवळ्यांचं रान लागतं. अर्ध्या रानातला कांदा निघाला होता, तिथं खतासाठी बिरा धनगराची मेंढरं बसवली होती. उरलेल्या अर्ध्यात बाया कांद्याची पात कापत होत्या. मार्चअखेरचं ऊन आमच्याकडे कसं असतं ते पुण्यात राहिलेल्याला आठवत नाही. बाई पुढे, आमोस मागे, आणि त्याच्या मागे मी.

मेंढरांपाशी आल्यावर बाई थांबल्या.

"टोपी मोशेकडे दे."

आमोसनं टोपी काढून मला दिली. मी ती घातली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं.

"काय दिसतं?"

"मेंढरं, बाई."

"नीट बघ."

मेंढरं गोल करून उभी होती. प्रत्येकीनं आपलं मुंडकं दुसरीच्या पोटाखाली घातलेलं. तोंड एकीचंही दिसत नव्हतं. धनगराच्या पोराला हे सांगावं लागत नाही, पण आमोस दोन मिनिटं बघतच राहिला.

"नाव आमोस ठेवलंय तुझ्या बापानं," बाई म्हणाल्या. "शास्त्रातला आमोस मेंढरं राखायचा. तू कधी दुपारची मेंढरं बघितली नाहीस."

"नाही, बाई."

"आणखी काय दिसतं?"

थोड्या अंतरावर बिरानं दोन काठ्या रोवून त्यांवर आपली घोंगडी टाकली होती. घोंगडीखाली तीन कोकरं अंग चोरून बसली होती, चार-पाच दिवसांची असावीत. शेजारी बिरा.

"कोकरं," आमोस म्हणाला. "आणि मेंढपाळ."

"कुठंय तो?"

...

"उन्हात," आमोस म्हणाला.

 बाईंनी पात कापणाऱ्या बायांकडे एकदा पाहिलं. त्या बायांत हन्ना होती. मार्च लागल्यापासून शाळा सकाळची, म्हणजे पोरगीही तिथंच कुठंतरी असणार. ती रोज दुपारी तिथंच असते, या मेंढरांसमोर.

मग बाईंनी आमोसच्या दंडाला धरून त्याला कळपापासून चार पावलांवर उभं केलं, सूर्याकडे पाठ करून.

"इथं उभा राहा."

"कशाला, बाई?"

"राहा."

तो राहिला. काहीच होईना. त्याच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. मी बांधावर बसलो. बिरानं आमच्याकडे पाहून तंबाखू मळायला घेतली.

थोड्या वेळानं एक मेंढी कळपातून बाजूला निघाली. म्हातारी होती, एका पायानं लंगडत होती. बाकीच्यांनी तिला आत घेतलं नसावं. ती हळूहळू आमोसपर्यंत आली, त्याच्या पुढ्यात पडलेल्या सावलीशी थांबली, खाली बसली आणि आपलं तोंड तिनं त्या सावलीत घातलं.

आमोस दचकून मागे सरकायला गेला.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. "तिला ऊन पडेल."

...

आमोस जागच्या जागी थांबला. या वेळी त्यानं व्याकरण काढलं नाही.

"उभं ऱ्हावा," तिकडून बिरा म्हणाला. "ती लई हट्टी हाय. सावली गावली का सोडत न्हाय."

बाई माझ्या शेजारी बांधावर येऊन टेकल्या. पदरानं तोंड पुसलं.

"राजू कसाय?"

"बाई, बरा आहे. मघाशीच सांगितलं."

"तेव्हा बरा नव्हता."

"लहानपणी? नाही. सारखा तापानं पडलेला असायचा. शाळेत येता यायचं नाही त्याला."

"शाळेत तेव्हा पोरांना दुपारी भाकर मिळायची," बाई म्हणाल्या. "एकेक. चटणी घालून. तू अर्धी खायचास. अर्धी खिशात घालायचास. तुझा खिसा कायम तेलकट. एकदा मी विचारलं, आमोस, ही कोणाची रे? तू म्हणालास..."

बाई थांबल्या.

"तू म्हणालास, प्रार्थनेतच आहे ना, बाई. आमच्या राजूची भाकर."

आमोसनं मान वळवली. फक्त मान. बाकी अंग त्यानं तसंच ठेवलं.

"पण ते तर तुम्हीच तसं शिकवत होतात," तो म्हणाला.

बाई मेंढीकडे बघत राहिल्या.  पण माझ्याच्यानं राहवेना.

"आम्हाला तर रोजचीच शिकवली होती," मी म्हणालो. "तुझ्या आधी तीस वर्षं. आणि तुझ्यानंतर माझ्या मुलीलाही रोजचीच."

रानात कांदा कापायच्या विळ्यांचा आवाज येत होता.  आमोसचा चेहरा मी बघत होतो. भरल्या मंडळीसमोर हसत हसत सांगितलेली आपली गोष्ट तो मनात परत एकदा ऐकत असावा, आणि आता ती दुसऱ्याच बाजूनं ऐकू येत असावी.

"म्हणजे मीच चुकीचं ऐकलं होतं."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज ऐकत होते."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"मग सांगितलं का नाही, बाई?"

बाईंनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं, फोडलं, माती खाली सोडली.

"भाकर पोचत होती."

...

 आमोस हळू आवाजात म्हणाला, "मी धावत येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं सांगितलंस, मला माहीतच नव्हतं."

"तोवर राजू शाळेत यायला लागला होता," बाई म्हणाल्या. "त्याला त्याची भाकर मिळत होती."

आमोसचे डोळे भरून आले. पुसले असते तर आम्ही घाम समजलो असतो. पण हात उचलला असता तर खालची सावली हलली असती, म्हणून त्यानं ते तसेच वाहू दिले. मला त्या क्षणी तो पहिल्यांदा आवडला. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण चार महिने मी त्याच्याबद्दल बरंच वेडंवाकडं बोललो होतो.

"बाई, मी त्या पोरीचं तोंड बंद केलं," तो म्हणाला. "भाषांतराचं सगळं मी उगाच... मला दुसरं काही सुचेना."

"माहीत आहे."

"ती परत बोललीच नाही तर?"

  बाईंचा हात मातीतच थांबला होता.

तेवढ्यात कांद्याच्या ढिगामागून एक पोरगी उठून उभी राहिली. दोन वेण्या, पायात चप्पल नाही. पाळक रानाच्या मधोमध उघड्या डोक्यानं खांबासारखा उभा का आहे, हे बघायला ती थोडी पुढे आली. मग आणखी थोडी. आमोसला ती दिसली, पण त्यानं तिला हाक मारली नाही. मला वाटतं, चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला गप्प बसणं जमलं.

सुवार्तानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती मेंढीकडे बघत होती. आम्ही आलो तेव्हापासून सूर्य थोडा कलला होता आणि सावली बाजूला सरकली होती. मेंढीचे कान उघडे पडले होते.

पोरगी वाट बघून कंटाळली असावी.

"तिचं कान उन्हात आलं," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, बरेच दिवस न वापरलेला. "हिकडं सरका."

आमोस अर्धं पाऊल सरकला.

"आजून."

तो आणखी सरकला.

"हां. आता ऱ्हावा."

तिकडे हन्ना हातातला विळा तसाच धरून उभी राहिली होती. शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी टोपी काढली आणि तोंडासमोर धरली, कारण माझंही काही खरं नव्हतं. घाटात गच्च भरलेली गाडी धापा टाकत वर चढते आणि माथ्यावर आली की सगळे प्रवासी एकदम श्वास सोडतात, तसं मला वाटलं. तीन आठवडे आख्ख्या वाडीनं श्वास धरला होता, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आमोस, एकटा असतोस तेव्हा तू तेविसावं कोणतं म्हणतोस?"

आमोसनं बराच विचार केला.

"कोणतंच नाही, बाई. चारही येतात. त्यातला फरक मी बघतो. म्हणत नाही."

"मग आज म्हण. ही ऐकेल."

सुवार्ता मेंढीच्या शेजारी उकिडवी बसली. पोरं एकमेकांचं पाठांतर ऐकतात तशी, हनुवटी गुडघ्यावर टेकवून.

आमोसनं सुरुवात केली. चार भाषांतरं येणारा माणूस, पण तोंडातून जुनंच निघालं, झाडाखाली बसून बाईंनी त्याच्याकडून घोटवून घेतलेलं.

"परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही..."

तो थांबला. पुढचा शब्द त्याला म्हणवेना. एक म्हणावा तर समोर पोरगी बसली होती, दुसरा म्हणावा तर सगळी विद्या मागे उभी होती. 

पोरीनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. तिला वाटलं, विसरला. पोरं विसरतात, त्यात काय एवढं. तिनं त्याला हळूच आठवण करून दिली.

"ऊन."

...

"मला काही ऊन पडणार नाही," आमोस म्हणाला.

तिनं मान डोलावली आणि पुढची ओळ स्वतःच सुरू केली. मग दोघांनी मिळून शेवटपर्यंत म्हटलं. दोनदा तो अडखळला, दोन्ही वेळा तिनं सावरलं. शेवटाला मेंढी उठली, अंग झाडलं आणि लंगडत कळपाकडे निघून गेली. तिचं काम झालं होतं.

मी कंडक्टर माणूस. खिशातून अर्ज काढला.

"मग रकान्यात काय लिहू?"

"जुनं लिहा, काका," आमोस लगेच म्हणाला. "बाईंचं."

"का?" बाई म्हणाल्या. "नवं चांगलं आहे."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. तेव्हा बाईंनी सांगितलं की आमोसनं ते पुस्तक आणलं त्या आठवड्यापासून त्या भिंग लावून ते वाचताहेत. त्याच स्तोत्रातल्या मृत्यूच्या दरीचं त्यांना साठ वर्षांत नीट कळलं नव्हतं, ते त्यात कळलं. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. आणि इकडे म्हाताऱ्यांचा तट त्यांच्याच नावानं भांडत होता. मला हसू आवरेना. आमोसही हसायला लागला, डोळे अजून ओले होते तरी.

मग त्यांनी निकाल दिला. यंदाच्या पोरांचं जुनं पाठ झालंय, त्यांच्या तोंडातलं काढू नका. जूनपासून जी नवीन बसतील त्यांना आमोसनं नवं शिकवावं, आणि त्यांच्यात बाईंनाही बसू द्यावं, मागे बसतील. एवढं बोलून त्या उठल्या. दोन आठवड्यांचं भांडण मी 'जुनं' एवढ्या एका शब्दात लिहून खिशात घातलं. पुढे कमिटीत हे सांगितलं तेव्हा दोन्ही तटांना वाटलं, आपणच जिंकलो.

परत निघालो. मी आमोसला त्याची टोपी दिली. त्यानं ती घातली नाही, हातातच धरली. मागून रानातून सुवार्ताचा आवाज येत होता. ती बिराला काहीतरी सांगत होती, मग आईला, मग परत बिराला. तीन आठवड्यांची बाकी होती, ती काही लवकर संपणार नव्हती. आमोस दर दहा पावलांवर थांबून ऐके आणि परत चालू लागे. त्याच्या खांद्यांवरून मोठं ओझं उतरल्याचं पाठमोरं दिसत होतं.

ओढ्यापाशी बाईंना हात द्यायला तो पुढे झाला. बाईंचा हात हातात असतानाच, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यानं विचारलं. पण मला ऐकू आलं.

"बाई, एक राहिलंच. शब्द तर 'उणे'च आहे. कधीतरी तिला तो कळायला हवा. मग तिला सांगणार कोण?"

बाईंनी एक पाय पलीकडच्या दगडावर ठेवला. तोल सावरला. त्याच्याकडे पाहिलं.

"राजूची नव्हे रोजची, हे तुला कोणी सांगितलं होतं?"